धुरकऱ्याचें पोर

अमरावतीच्या पश्चिमेस, पेढी नदीच्या खोऱ्यांतील काळ्याभोर रानांत भातकुली हें गांव आहे. जैन यात्रेकरूंस तें तीर्थ म्हणून ठाऊक असतें. पुराणांची गोडी असणारांस तें रुक्मीचें भोजकट म्हणून ठाऊक असतें. कथा सर्वश्रुत आहे. कौंडिण्यपुराच्या अंबिकेच्या देवळापासून श्रीकृष्णानें रुक्मिणीस रथांत घेतलें आणि घोडे सोडले. कृष्णाला जिंकल्यावांचून राजधानींत पाऊल ठेवणार नाहीं, अशी प्रतिज्ञा करून भाऊ रुक्मी मागोमाग धांवला, हरला, आणि शब्दानें बांधला गेल्यामुळें घरीं न परततां नवें नगर वसवून तेथेंच राहिला. तें नगर म्हणजे भातकुली, अशी ह्या भागाची श्रद्धा आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन ह्याच्या चम्मक येथील ताम्रपटांत भोजकट राज्याचा उल्लेख येतो. तेव्हां नांव तरी जुनें खरें. नळराजाची गोष्टही शेवटीं ह्याच विदर्भांत येऊन थांबते. ऋतुपर्णाचा सारथि बनून त्यानें एका दिवसांत अयोध्येहून कुंडिनपूर गांठलें, आणि दमयंतीनें रथाच्या नुसत्या घरघराटावरून हांकणारा कोण असावा हें ताडलें.

हांकणाऱ्याचा हात आवाजावरून ओळखणारीं माणसें ह्या प्रांतांत अजून आहेत. रथाच्या जागीं छकडी आली आणि घोड्यांच्या जागीं बैल आले, एवढाच फरक.

संक्रांतीच्या सुमारास सुरू होऊन महाशिवरात्रीच्या मागेंपुढेंपर्यंत वऱ्हाडांत, आणि पूर्वेस नागपूर-भंडाऱ्याकडेही, बैलांच्या शर्यतींचा जो हंगाम चालतो त्याला शंकरपट म्हणतात. नंदी हें शंकराचें वाहन, म्हणून हा शंकराचा पट, अशी लोकांची समजूत आहे. कापूस घरांत आलेला असतो, तूर खळ्यावर असते, हातांत चार पैसे खुळखुळत असतात, आणि बैलांना काम थोडें असतें. अशा वेळीं गांवाबाहेरच्या रानांत सरळ, लांबट पट्टा आंखतात. त्याचें नांव दाण. काळ्या मातीच्या भेगा बुजवून, ढेंकळें फोडून, रोळ फिरवून ती दाण तळहातासारखी करावी लागते. एका भेगेंत खूर अडकला तर लाखाचा बैल जन्माचा लंगडा व्हावयाचा. छकडी म्हणजे दोन चाकांची, मूठभर वजनाची गाडी. ती माल वाहण्यासाठीं नसते. बैलांच्या मागें माणूस असावा एवढ्यापुरतीच ती असते. तिच्या धुरीवर, बैलांच्या शेपट्यांशीं जवळजवळ गुडघे टेकवून जो बसतो तो धुरकरी. कोठें दोन जोड्या शेजारशेजारच्या दाणींवर एकदम सोडतात. कोठें एकेकच जोडी सोडून तिची गांठ घड्याळाशीं घालतात. खूण होते, धरणारे बाजूला उडी घेतात, धुळीचा एक लोट उठतो, आणि पाहणारानें श्वास सोडण्यापूर्वीं सारें संपलेलें असतें. वर्षभराची मेहनत कांहीं सेकंदांत संपते, आणि हरजीत ठरते ती सेकंदाच्या शतांशानें. पूर्वीं झेंडी आणि हातांतलें घड्याळ यांवर भागत असे. त्यामुळें निकालापेक्षां भांडणेंच अधिक लांबत. आतां बऱ्याच ठिकाणीं प्रकाशाच्या किरणानें चालणारें विजेचें घड्याळ लावतात. त्या यंत्रानें भांडणें मिटलीं असें मात्र म्हणवत नाहीं.

पुण्याच्या उत्तरेकडील जुन्नर-खेड भागांतील बैलगाड्यांशीं ह्याची गल्लत करूं नये. तिकडे शर्यत घाटावर, चढाची. गाड्याला चार बैल, त्यांच्या पुढें घोडी, आणि गाड्यावर माणूस नाहीं. वऱ्हाडच्या पटांत माणूस गाडीवर असतो, आणि सारा प्रश्न त्या माणसाच्या हाताचा असतो.

शंकरपटाला जगांत जवळचें भावंड शोधावयाचें तर तें अमेरिकेंत सांपडतें. तेथें मोटारींच्या नाना शर्यती चालतात. त्यांत ‘ड्रॅग’ नांवाचा एक प्रकार आहे. वळण नाहीं, फेरा नाहीं. दोन मोटारी दोन समांतर पट्ट्यांवर उभ्या करावयाच्या, दिव्यांची खूण झाली कीं सोडावयाच्या, आणि पाव मैलाच्या, म्हणजे १३२० फुटांच्या, शेवटीं कोण आधीं पोंचला तें पाहावयाचें. रात्रीं-अपरात्रीं सार्वजनिक रस्त्यांवर चोरून पैजा मारणारीं तरुण पोरें नियमांच्या पट्ट्यावर आणावीं, ह्या हेतूनें वॅली पार्क्स ह्या गृहस्थानें १९५१ सालीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. पुढें तिच्या छत्राखालीं पुष्कळ घराणीं उभीं राहिलीं. जॉन फोर्स हा सोळा वेळां विजेता ठरलेला. त्याच्या ॲशली, ब्रिटनी आणि कोर्टनी ह्या तिन्ही मुली त्याच धंद्यांत उतरल्या. २००८ च्या एप्रिलांत अटलांटा येथें अंतिम धांवेंत ॲशलीच्या शेजारच्या पट्ट्यावर उभा होता तो तिचा बापच, आणि तिनें त्याला हरविलें. ब्रिटनीनें तर सर्वांत वेगवान मोटारींच्या वर्गांतील विजेतेपद २०१७ आणि २०२२ सालीं मिळविलें. वऱ्हाडांतल्या एखाद्या म्हाताऱ्या धुरकऱ्याला ही हकीगत सांगितली तर त्याला मोटारी कळणार नाहींत. पण बाप शेजारच्या दाणींत उभा आहे, ह्याचा अर्थ त्याला तात्काळ कळेल.

भातकुलीच्या आसपासच्या अशा एखाद्या पटाच्या घरांत २००८ च्या सुमारास जन्मलेला मुलगा डोळ्यांपुढें आणावा. त्याला नांव कोणतेंही द्यावें. आजा धुरकरी, बाप धुरकरी. ओसरीच्या भिंतीवर घरच्या माणसांपेक्षां बैलांच्याच तसबिरी अधिक, आणि त्यांना घातलेले हारही अधिक ताजे. असें पोर चालूं लागण्यापूर्वींच कोठ्यांत रांगतें. बैलाच्या पोटाखालून गेलें तरी बैल पाय हलवीत नाहीं, आणि आईला तेवढ्यावरून त्या बैलाचा स्वभाव समजतो.

त्याची पहिली शर्यत लांकडाची असते. श्रावणी अमावास्येला पोळा झाला कीं दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा भरतो. चाकांवर बसविलेला लांकडी नंदी, त्याच्या शिंगांना बेगड, गळ्यांत घुंगरू, आणि दोरी धरून ओढणारीं चिमुकलीं मुलें. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानींत १८०६ सालीं ही चाल सुरू झाली असें सांगतात. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेनें १९९२ सालीं मुलांकरितां निम्म्या आकाराच्या मोटारींचा स्वतंत्र वर्ग काढला. आतां त्यांत पांच ते सतरा वर्षांचीं मुलें धांवतात, अंतर निम्मेंच ठेवलेलें असतें, आणि वयाप्रमाणें वेगाला मर्यादा घातलेल्या असतात. कल्पना उत्तम आहे. विदर्भाला ती नवीन वाटूं नये.

नंदी मागें पडला कीं कामें सुरू होतात. सकाळीं शेण काढणें, गव्हाण झाडणें, कुटारांतले खडे वेंचणें. ढेप किती भिजवावयाची हें त्याला पाढ्यांच्या आधीं येतें. पटाच्या बैलाचा खुराक हा वऱ्हाडांत अर्धा शास्त्राचा आणि अर्धा गुप्त विद्येचा विषय आहे. सरकी, ढेप, हरभऱ्याची चुनी हें उघड असतें. त्याखेरीज कोणी दूध पाजतो, कोणी अंडीं, कोणी खारका-बदाम. आणि प्रत्येकाचा असा एक पदार्थ असतो कीं जो तो शेजाऱ्याला सांगत नाहीं. मुलाला तो ठाऊक असतो, व तो न सांगण्याची शिकवणही त्याला मिळालेली असते.

त्यानंतर बैल ओळखणें. हें काम दिसतें सोपें, पण येथेंच निम्मे लोक फसतात. वेगवान बैल पैशानें मिळतो. जोडी पैशानें मिळत नाहीं. एक पुढें ओढणारा आणि दुसरा अर्ध्या पावलानें मागें राहणारा, अशी जोडी छकडीला तिरकी नेते, आणि दाण सोडली कीं धांव फुकट गेली. म्हणून कोंवळ्या गोऱ्ह्याला प्रथम अनुभवी बैलाच्या जोडीला जुंपतात. म्हातारा बैल धांवेला उपयोगी नसला तरी ह्या कामाला लाख मोलाचा असतो. कोणता बैल आवाजानें पेटतो, कोणता आवाजानें बुजतो, कोणाला गर्दी चालत नाहीं, कोणाला सकाळची धांव मानवते आणि कोणाला दुपारची, हें मुलानें महिनोन्महिने कोठ्यांत राहून टिपावयाचें असतें. यंत्राची गोष्ट निराळी. ड्रॅगच्या पट्ट्यावर दिवा हिरवा झाला कीं पायाखालची कळ दाबावयाची. यंत्राला इच्छा नसते. तेथें हांकणाऱ्याच्या प्रतिसादाचा वेळ स्वतंत्र मोजतात, आणि मोटार अधिक वेगानें धांवूनही केवळ मालक उशिरां जागा झाला म्हणून हरते. पटांत मालक कितीही जागा असला तरी बैल जागा व्हावा लागतो, आणि तो त्याच्या मनाचा राजा असतो.

बैलांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा भातकुली तालुक्यांतही पसरलेला आहे. जमीन काळी, खोल आणि कसदार. पण तिच्या पोटांतलें पाणी खारट. विहिरीवर मळा फुलवावा अशी सोय येथें नाहीं. कपाशी, तूर, मूग, मागून ओलीवर हरभरा, अशी सारी भिस्त आभाळावर. पावसाळ्यांत ही माती चाकाला अशी चिकटते कीं गाडी जागची हलूं नये, आणि उन्हाळ्यांत तिला हातभर भेगा पडतात. अशा मुलखांत बैलाच्या बळावरच कास्तकाराचा संसार उभा असे. आतां ट्रॅक्टर आले. वखर, तिफण, डवरणी यांतलीं पुष्कळ कामें त्यांच्याकडे गेलीं, आणि ज्या घरीं चार बैल होते तेथें एक जोडीही जड वाटूं लागली. पूर्वेच्या वर्धा-नागपूरकडील गवळाऊ ही जात चालीविषयीं प्रसिद्ध आहे: रंगानें पांढरी, अंगानें हलकी, तोंडानें निमुळती. मराठ्यांच्या फौजांबरोबर रसद जलद न्यावी म्हणून ती जोपासली गेली, असें पशुतज्ज्ञ मानतात. वर्धा जिल्ह्यांत हेटीकुंडी येथें तिच्या संवर्धनासाठीं सरकारी केंद्रही आहे. कांहीं हौशी लोक पश्चिमेकडून खिलार आणतात. शेतीला नको झालेला बैल कोणी कशासाठीं पाळावा, ह्या प्रश्नाला पटाच्या घरांजवळ तरी एक उत्तर असतें. तें पुरेसें आहे कीं नाहीं, हा वेगळा प्रश्न.

आपल्या मुलाच्या आयुष्यांत नेमका हाच वेगळा प्रश्न न्यायालयाच्या दारांतून आला. केंद्र सरकारनें ११ जुलै २०११ रोजीं अधिसूचना काढून, ज्यांना खेळासाठीं शिकवूं नये व ज्यांचें प्रदर्शन मांडूं नये अशा प्राण्यांच्या यादींत बैलाचा समावेश केला. कज्जे चालले. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ति राधाकृष्णन् व न्यायमूर्ति घोष यांच्या पीठानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रांतील बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. मुलगा त्या वेळीं सहा वर्षांचा. कासरा नुकता हातांत आलेला, आणि पट संपले.

ह्या निकालाला गांवोगांव शिव्याशाप मिळाले. पण त्यांतील कारणें मुकाट्यानें वाचणाराला तीं सहज झटकून टाकतां येत नाहींत. घोड्याची शरीररचना धांवण्यासाठीं असते, बैलाची तशी नसते. तो धांवतो तो पुष्कळदां भीतीनें आणि वेदनेनें, असें न्यायालयाचें म्हणणें होतें. खिळा ठोकलेली तुतारी, पिळलेल्या नव्हे तर दांतांनीं चावलेल्या शेपट्या, डोळ्यांत तिखट, पोटांत दारू, आणि अलीकडे विजेचा झटका देणारीं यंत्रें, ह्या गोष्टी शहरांतल्या लोकांनीं रचलेल्या नव्हत्या. पटाच्या रानांत उभें राहणारानें त्यांतल्या कांहीं तरी पाहिलेल्या असतातच. बैलावर पोटच्या पोरासारखें प्रेम करणारा मनुष्य शेवटच्या वीस हातांत त्याच बैलाच्या पुठ्ठ्यांतून रक्त काढतो, हें विसंगत खरें. परंतु तें खोटें नव्हे. पोळ्याला पुरणाची पोळी भरविणारे हात आणि तुतारी धरणारे हात वेगळ्या माणसांचे नसतात.

बंदीच्या काळांत घरांतील छकडी कोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. उत्तम जोडी आधीं विकली गेली, कारण न धांवणाऱ्या बैलाला तो खुराक कोण घालणार? राज्यांत कोठें कोठें चोरून शर्यती झाल्या, गुन्हे दाखल झाले, तरणीं पोरें तारखांना हजर राहूं लागलीं. १९५१ पूर्वीं अमेरिकेंत रस्त्यांवर जें चालत होतें तेंच येथें उलट्या क्रमानें घडलें. पट्ट्यावरचा खेळ आडरानांत गेला. महाराष्ट्र विधिमंडळानें २०१७ सालीं प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यांत दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली. पण त्याच वर्षीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें ती अडविली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें तो दुरुस्त कायदा कायम केला.

मे २०१४ ते डिसेंबर २०२१. माणसाच्या हिशेबानें साडेसात वर्षें. बैलाच्या हिशेबानें ती एक सबंध पिढी होय. गोऱ्हा तीन-चार वर्षांचा झाला कीं दाणीवर येतो, पुढचीं थोडकीं वर्षें त्याच्या ऐन उमेदीचीं, मग तो उतरूं लागतो. ह्या मधल्या काळांत जन्मलेले कितीतरी बैल एकदांही न धांवतां म्हातारे झाले, आणि जे म्हातारे बैल कोंवळ्या गोऱ्ह्यांना शिकवावयाचे ते मरून गेले. सहा वर्षांचा मुलगा तेरा वर्षांचा झाला. ज्या वयांत हाताला कासरा कळतो तें वय त्यानें आज्याच्या गोष्टी ऐकण्यांत आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जुन्या धांवा पाहण्यांत घालविलें. गोष्टींत बैल नेहमीं जिंकतो, आणि पडद्यावर धुरकऱ्याचा हात दिसत नाहीं, धूळ दिसते.

पट परत आले, पण ते होते तसे परत आले नाहींत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्यकाची तपासणी हवी, धांवपट्टी एक हजार मीटरांहून लांब नको, आणि काठी, चाबूक, तुतारी, विजेचें यंत्र यांपैकीं कांहींही हातीं नको. नियम मोडणाराला पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. वऱ्हाडांतल्या ओसऱ्यांवर ह्या नियमांची प्रथम थट्टा झाली. रिकाम्या हातानें बैल हांकणें म्हणजे वल्ह्यावांचून नाव, असें म्हाताऱ्यांचें मत पडलें. त्यांचेंही बरोबर होतें. त्यांचा सारा हात तुतारीवर घडलेला. आज्याजवळ जी विद्या होती तिच्यांतली अर्धी आतां गुन्हा ठरली होती, आणि उरलेली अर्धी कोणती हें त्यालाही नीट ठाऊक नव्हतें. ती शोधून काढण्याचें काम तेरा वर्षांच्या नातवावर आलें.

आणि ह्या कामीं नातवाचें अज्ञानच त्याच्या उपयोगीं पडावें, अशी परिस्थिति होती. ज्यानें तुतारी कधीं धरलीच नाहीं त्याच्या हाताला तिची आठवण नसते. तो जोडी पहांटे थंड मातींत फिरवितो; आधीं चाल, मग दुडकी, मग थोडी धांव, आणि बैल मनापासून धांवूं लागले कीं तेथेंच थांबवितो, म्हणजे उद्यां त्यांना आणखी धांवावेंसें वाटावें. दाणीच्या शेवटीं त्यांच्या आवडीचा घांस ठेवतो. एकच हांक ठरवितो, आणि ती हांक कोठ्यांत, रस्त्यावर, पाण्यावर कधींही वायां घालवीत नाहीं. ती फक्त सुटण्याच्या क्षणाची. जातिवंत बैलाला एवढें पुरतें. आजा ओसरीवरून हें सगळें पाहतो आणि कांहीं बोलत नाहीं. घरांतल्यांना माहीत असतें कीं त्याला ज्या गोष्टी मुळींच पटत नाहींत त्यांविषयीं तो गप्प बसणारा माणूस नव्हे.

सगळीकडे असें चालतें, हें म्हणणें मात्र भाबडेपणाचें होईल. इनामें मोठीं झालीं आहेत, चांगल्या जोडीची किंमत लाखांच्या घरांत गेली आहे, आणि जेथें पैसा वाढतो तेथें अंगरख्याच्या बाहींत कांहींतरी लपविणारा हातही वाढतो. दाणीच्या कांठीं पोलीस आणि पशुवैद्य उभे असतात. पण धुळीच्या लोटाच्या आंत ते नसतात.

मुलानें धुरीवर केव्हां बसावें, हा घरांतला खरा वादाचा विषय. कासरा कळणें एक आणि सुटलेल्या जोडीमागें स्वतःला सांभाळणें दुसरें. छकडी उलटली तर खालीं बैलाचे खूर आणि वर चाक, मध्यें हाडें. अमेरिकेंतील घराण्यांनाही हा हिशेब चुकलेला नाहीं. कॉनी कॅलिटा हा तेथील जुना नामांकित शर्यतवीर. त्याचा मुलगा स्कॉट बापाच्याच वाटेनें गेला आणि १९९४ व १९९५ ह्या लागोपाठच्या वर्षीं विजेता झाला. २१ जून २००८ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील इंग्लिशटाउन येथें तो धांवेंत ठार झाला. त्याच्या मृत्यूनंतर संस्थेनें सर्वांत वेगवान मोटारींसाठीं अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणलें. ३२० फूट कमी करण्यास एका घरानें आपला मुलगा दिला. कॉनीनें त्यानंतर शर्यतींचा व्यवसाय सोडला नाहीं. त्याचा पुतण्या डग २०२३ सालीं विजेता झाला. बापाच्या मनांत तेव्हां काय असेल, हें सांगण्यास वऱ्हाडांतला धुरकरी बाप अधिक योग्य. त्यानें स्वतःची बरगडी एकदां दाणीवर मोडून घेतलेली असते, आणि तरीही मुलगा पंधरा वर्षांचा झाला कीं तो त्याच्या मनगटांकडे पाहूं लागतो.

आई वेगळ्या बाजूनें पाहते. तिच्या हातचें खाऊन जोडी वाढलेली असते, त्यामुळें पट वाईट असें ती कधीं म्हणत नाहीं. ती फक्त विचारते कीं शाळेची परीक्षा कोणत्या महिन्यांत आहे. परीक्षा आणि पटाचा हंगाम एकमेकांना भिडलेले असतात, हें तिला ठाऊक असतें. पुष्कळ घरांत ह्या एका प्रश्नानें मुलाचें धुरीवर बसणें दोन-तीन वर्षें पुढें ढकललें आहे, आणि त्यांतल्या कित्येकांचे हातपाय त्यामुळेंच शाबूत आहेत.

जिल्ह्यांतील पटांमध्यें मान तळेगांव दशासरचा. धामणगांव रेल्वे तालुक्यांतील ह्या गांवीं कृषक सुधारक मंडळाच्या विद्यमानें भरणारा पट जुना आणि दूरवर प्रसिद्ध आहे. बंदीनंतर तो पुन्हां उभा राहिला तेव्हां परप्रांतांतूनही जोड्या आल्या. पूर्वीं भातकुलीकडचा मनुष्य जोडी घेऊन निघाला तर वाटेंत मुक्काम करीत, बैलांना दम देत, पायीं जाई. आतां मालमोटारींत खालीं कुटार पसरून बैल उभे करतात, आणि मुलगा त्यांच्याजवळ, शिंगांच्या मध्यें, बसून जातो. त्यानें वाटभर वेसणीवरचा हात काढावयाचा नसतो. बैलाला मोटारीचा वेग समजत नाहीं; जमीन स्वस्थ असतां झाडें कां पळतात ह्याची त्याला भीति वाटते.

तळेगांवची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथें शेवटच्या दिवशीं बायकांचा पट होतो. पदर खोंचून बाया धुरीवर बसतात, आणि त्या दिवशीं गर्दी इतर दिवसांपेक्षां कमी नसते. पटाच्या घरांत मुलाला बहुधा एखादी बहीण असते. ढेप तीच भिजविते, बैल आजारी पडला तर रात्रीं कंदील घेऊन तीच उठते, आणि भावाचा पहांटेचा डोळा न उघडल्यास जोडी रानांत तीच फिरवून आणते, ह्याची घरांत कोणी मोजदाद ठेवलेली नसते. बैलांनीं ठेवलेली असते. भावानें ठरविलेली ती एकच हांक तिनें दिली तर जोडी कान टवकारते, आणि भावाच्या हांकेपेक्षां अंमळ आधीं टवकारते. बाप हें एका सकाळीं कोठ्याच्या दारांतून पाहतो. मग संध्याकाळीं आढ्यावरची छकडी खालीं काढतांना तो तिची धुरी वितीनें मोजतो, आणि बसण्याच्या जागेची फळी चार बोटें पुढें सरकवून ठोकतो, कारण मुलीचे पाय मुलाच्या पायांपेक्षां आंखूड आहेत.